निरोपाचं घड्याळ

"दुरुस्तीला टाका ना," बायको म्हणाली. "कोपऱ्यावर घड्याळजी बसलेलाच असतो."

"दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही," काटेसाहेब म्हणाले. "बदलूनच मिळालं पाहिजे."

चहाच्या दोन कपांच्या मध्ये ते घड्याळ पडलं होतं. सोनेरी कडेचं, चामडी पट्ट्याचं, चकचकीत आणि बंद. निवृत्तीच्या समारंभात कार्यालयाने ते साहेबांच्या मनगटावर बांधलं, त्याला अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

साहेबांचं आडनाव काटे नव्हतं. दुकानदारांची वजनमापं तपासणाऱ्या त्या कार्यालयात त्यांना पाठीमागे सगळे काटेसाहेब म्हणत. म्हणताना कुणाच्या मनात घड्याळाचे काटे असत, कुणाच्या मनात पायात मोडतो तो. हे नाव साहेबांच्या कानावर आलं होतं. ते तराजूच्या काट्यावरून पडलं असावं अशी त्यांची समजूत होती, आणि त्यामुळे ते मनातल्या मनात सुखावलेही होते.

कार्यालय उघडायच्या वेळी हजेरीपट ते स्वतःच्या टेबलावर ओढून घेत आणि ठरलेल्या मिनिटाला मिटत. मग जिना चढताना कुणाला दम लागलेला असो की कुणाचा बाप दवाखान्यात असो, नावापुढे लाल शेरा पडायचा तो पडायचाच. एवढं करून निघताना लोक टाळ्या वाजवतील एवढीच त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हेडक्लार्क व्यासपीठावर आले आणि म्हणाले, "साहेबांनी आम्हाला वेळेची किंमत शिकवली, म्हणून आम्ही त्यांना वेळच भेट देतोय." लोक हसले. साहेब मात्र रडले. त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते घड्याळ दाखवत होते. पेपरवाल्याने तर ते दोनदा पाहिलं होतं.

"भेट मिळालेली वस्तू कुणी बदलून मागतं का?" बायकोने विचारलं.

"मी वस्तू मागत नाहीये. कुठल्या तरी दुकानदाराने माझ्या माणसांना फसवलंय. त्याला सोडायचा का?"

"तुमच्या माणसांना," बायको म्हणाली आणि तिने चहाचा घोट घेतला.

"आणि बाहेरच्या माणसाने उघडलं की गॅरंटी जाते, हे तुला माहीत नाही."

"गॅरंटीचं कार्ड कुठाय?"

साहेबांनी डबी उघडली, मखमलीचा तुकडा उचलला, खाली पाहिलं. कार्ड नव्हतं. बिलही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते कार्यालयाकडे निघाले.

पोचले ते सवयीने नेमके उघडायच्या वेळेला. फाटकाशी रेंगाळत बोलणारे दोघे कारकून त्यांना पाहताच जिन्याकडे पळत सुटले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांना आठवलं की आता पळायचं कारण नाही. मग ते उरलेल्या पायऱ्या मुद्दाम सावकाश चढले.

"या या साहेब!" हेडक्लार्क उठून उभे राहिले. "आज कसं काय येणं केलंत? पेन्शनचं काही अडलं का?"

"घड्याळ बंद पडलंय."

हेडक्लार्कने भिंतीकडे पाहिलं.

"ते नाही. तुम्ही दिलेलं."

"अरे अरे अरे." हेडक्लार्कचा चेहरा एकदम गंभीर झाला. "खरेदी आमच्या स्टोअरकीपरने केली साहेब. त्यालाच विचारलेलं बरं. मला त्यातलं काही माहीत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी गरजेपेक्षा जरा घाईने म्हटलं.

स्टोअरकीपर जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या ढिगात बसलेला होता. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. साहेबांच्या हातातली डबी पाहून तो उठला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"द्या साहेब इकडे. मी संध्याकाळी दुरुस्त करून घरी आणून देतो."

"दुरुस्त नको. बदलून पाहिजे. दुकान कोणतं?"

"दुकान तसं लांब आहे."

"असू दे. बिल द्या, मी जातो."

"बिल..." स्टोअरकीपरने वजनांकडे पाहिलं. "शोधावं लागेल साहेब."

"शोधावं लागेल? खरेदी तुमची, बिल तुमच्याकडे नाही? गॅरंटी कार्ड?"

"साहेब, दुरुस्त करून देतो ना. खर्चाचं तुम्ही काही बघू नका."

"प्रश्न खर्चाचा नाही!" साहेब म्हणाले. "तत्त्वाचा आहे!"

हे ज्या आवाजात म्हटलं गेलं तो आवाज त्या इमारतीच्या ओळखीचा होता. टायपिस्टबाईंनी दचकून टायपिंग सुरू केलं. पलीकडच्या केबिनचं दार उघडलं आणि नवे साहेब बाहेर आले. नव्या साहेबांना येऊन थोडेच दिवस झाले होते. आपला वचक बसावा म्हणून ते एखादं प्रकरण शोधत होते, आणि प्रकरण आपल्या पायांनी जिना चढून आलं होतं.

"वजनमापाच्या कार्यालयात खोटा माल?" सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. "आणि बिल नाही? बसा साहेब. आत्ताच्या आत्ता याचा छडा लावू."

केबिनमध्ये सगळ्यांना बोलावण्यात आलं. नव्या साहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून काटेसाहेब बसले, मांडीवर डबी.

"या घड्याळासाठी वर्गणी कुणी कुणी दिली?" नव्या साहेबांनी विचारलं.

जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. काटेसाहेब आळीपाळीने एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. ती नजर हेडक्लार्कवर येऊन थांबली.

"म्हणजे काय साहेब, मी दिली की," हेडक्लार्क म्हणाले.

"किती?"

हेडक्लार्कने आपल्या हुद्द्याला शोभेल असा आकडा सांगितला. त्यांच्यानंतरच्याला मग फार खाली उतरता येईना. त्याच्या पुढच्याने त्याच्याइतकाच सांगितला. टायपिस्टबाईंची पाळी आली तेव्हा काटेसाहेब त्यांच्याकडे फार मायेने पाहत होते. कार्यालयात सर्वांत जास्त लाल शेरे याच बाईंच्या नावापुढे होते. त्या नजरेने बाई गांगरल्या आणि हेडक्लार्कच्या वरचा आकडा बोलून बसल्या. हेडक्लार्कने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण आता उशीर झाला होता.

नवे साहेब बेरीज करत होते. बेरीज संपल्यावर त्यांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"एवढ्या पैशांत हातातलं, भिंतीवरचं आणि चौकातल्या मनोऱ्यावरचं, तिन्ही घड्याळं आली असती," ते म्हणाले. मग स्टोअरकीपरकडे वळले. "बाकीचे कुठे गेले?"

स्टोअरकीपरने तोंड उघडलं. त्याने सहकाऱ्यांकडे पाहिलं. एक जण पंख्याकडे पाहत होता, एक जण स्वतःच्या चपलेकडे, हेडक्लार्क खिडकीतून बाहेर. मग त्याने काटेसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

त्याने तोंड मिटलं.

"बोला ना!" नवे साहेब गरजले.

"माझ्याकडून काही चूक झाली असेल साहेब," स्टोअरकीपर म्हणाला.

काटेसाहेब घरी आले ते हवेत तरंगत. "अगं, लोकांनी किती दिले होते, ऐकलंस तर चक्रावशील! त्या टायपिस्टबाई! मी त्यांना एक दिवस सुखाने बसू दिलं नाही, आणि सगळ्यांत जास्त कुणी द्यावेत? त्यांनी!"

"स्वतः म्हणाल्या त्या?"

"सगळ्यांसमोर! आणि हा स्टोअरकीपर. पैशांचं एक सोड, पण लोकांच्या प्रेमावर डल्ला मारला गं त्याने."

बायकोने काही विचारायला तोंड उघडलं, मग त्याऐवजी ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीत गेली.

चौकशीसाठी घड्याळ जमा करा, असा निरोप दोन दिवसांनी आला. कार्यालयात द्यायची वस्तू स्वच्छ असावी म्हणून साहेब रुमालाने ते पुसायला बसले. पुसता पुसता अंगठा चावीवर दाबला गेला. बारीकसा टक् असा आवाज झाला. आणि सेकंदाचा काटा, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं अशा थाटात, चालू लागला.

साहेब बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना आठवलं. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, वेळ जुळवून घ्यावी म्हणून त्यांनी चावी बाहेर ओढली होती, तेवढ्यात फोन वाजला होता. फोनवर मेहुणा होता. मेहुण्याचा फोन लवकर संपत नाही.

"झालं का पुसून?" बायको दारात उभी होती.

साहेबांनी घड्याळावर तळहात ठेवला. "होतंय."

"चालू झालं?"

"नाही."

बायको जवळ आली. तिने त्यांचा हात बाजूला केला, घड्याळ पाहिलं, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला आणखी काही विचारायची गरज नव्हती.

"म्हणजे बंद पडलंच नव्हतं," ती म्हणाली. "जा, सांगून या. बिचाऱ्याची नोकरी जाईल."

"काय सांगू? सगळ्यांना वेळ शिकवत फिरलो, आणि मला घड्याळाची चावी आत ढकलता आली नाही, असं सांगू? लोक जिन्यात उभे राहून हसतील."

"हसू देत."

"आणि घड्याळ चालू असलं म्हणून त्याने पैसे खाल्ले नाहीत असं थोडंच आहे? अफरातफर ती अफरातफरच. घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध?"

हा मुद्दा बोलता बोलताच सुचला होता. पण बोलून झाल्यावर तो त्यांना इतका पटला की त्यांनी नखाने चावी पुन्हा बाहेर ओढली. काटा थांबला. बायको ते पाहत होती. रात्री तिने त्यांचं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आधीच जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ कापडी पिशवीत गेलं, पिशवीवर लाख ओतून मोहोर उठवण्यात आली, आणि खोट्या वजनांच्या सोबत ती मुख्यालयात तपासणीला रवाना झाली. तपासणीचा निकाल यायच्या आधीच हुकूम आला. स्टोअरकीपरची वेतनवाढ बंद, आणि बदली दूरच्या एका गोदामावर. जिथे मोडके तराजू पाठवतात तिथे.

साहेबांना ही बातमी हेडक्लार्कने फोनवर सांगितली. "न्याय झाला साहेब," असंही ते म्हणाले. त्या दुपारी साहेबांना झोप लागली नाही.

नंतर एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. साधी, घामेजलेली, हातात रिकामी पिशवी. "मी स्टोअरकीपरची बायको," ती म्हणाली. साहेबांनी घसा साफ केला. हात जोडून विनवण्या होणार, आणि आपण काही करू शकत नाही हे समजुतीने सांगावं लागणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

"काही मागायला आले नाही," बाई आधीच म्हणाली. "सामान बांधायचंय, वेळ नाहीये मला. फक्त एक सांगते आणि जाते. ह्यांना कळलं तर ओरडतील."

"बसा तर खरं," साहेबांची बायको म्हणाली आणि तिने पाणी आणलं.

बाई पाणी प्यायली. मग सरळ साहेबांकडे पाहून म्हणाली, "तुमच्या घड्याळाला कुणी एक छदाम दिलेला नाही. ह्यांनी वर्गणीचा डबा टेबलाटेबलावर फिरवला. कुणी म्हणालं पगार झाल्यावर बघू. कुणी म्हणालं, आधी त्यांना माझे लाल शेरे पुसायला सांग. डबा जसा गेला तसा परत आला. हे घरी येऊन म्हणाले, माणूस जन्मभर राबला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? गेले आणि स्वतःच घेऊन आले. मी भांडले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच माणसाने तुमची रजा नाकारली. तर म्हणाले, ते वेगळं आणि हे वेगळं."

साहेबांच्या बायकोने रिकामा पेला उचलून घेतला.

"मग चौकशीत बोलले का नाहीत ते?" साहेबांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "एवढं सगळं अंगावर येईपर्यंत?"

"तुम्ही समोर बसला होतात ना," बाई म्हणाली. "काय बोलणार? याला कुणी काही दिलं नाही, असं तुमच्या तोंडावर?"

ती उठली. साहेबांची बायको तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता, दुःख होतं, पण आश्चर्य मात्र कुठे दिसत नव्हतं. साहेबांना त्याचंच जास्त लागलं.

त्यांनी पायांत चपला घातल्या आणि ते निघाले.

"घड्याळ चांगलं आहे," नव्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या ते म्हणाले. "चावी बाहेर ओढलेली राहिली होती. मीच ओढली होती. दोनदा."

नवे साहेब प्रेमाने हसले. "साहेब, तुमचं मन फार मोठं आहे."

"मन नाही हो! चावी! चावी ओढलेली होती!"

"समजतं मला. कितीही झालं तरी तुमच्या हाताखालचा माणूस. जीव तुटणारच."

"मागवा ती पिशवी परत. उघडा, चावी दाबा, चालू होतं की नाही बघा."

"मोहोर लागलेला माल आहे साहेब. तुम्हीच अशा किती पिशव्यांवर सह्या केल्यात. मध्येच फोडता येतो का तो?"

येत नव्हता. तो नियम काटेसाहेबांना तोंडपाठ होता.

"बरं, ते राहू द्या," ते म्हणाले. "पैसे कुणी दिलेच नव्हते. मग तो खाणार काय?"

नव्या साहेबांचं हसू मावळलं. याच वर्गणीच्या बेरजेवर त्यांनी अहवाल लिहिला होता आणि अहवालाचं वरून कौतुकही झालं होतं. त्यांनी घंटी वाजवली आणि सगळ्यांना आत बोलावलं. स्टोअरकीपर शेवटी आला आणि दारातच उभा राहिला.

"साहेबांचं म्हणणं आहे की तुम्ही कुणीही त्यांच्या घड्याळाला काही दिलं नव्हतं," नवे साहेब म्हणाले.

काटेसाहेब खुर्चीवरून उठले. सगळ्या नोकरीत या लोकांसमोर त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. "नव्हतं दिलं तुम्ही," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मला राग नाही. मी असतो तर मीही दिलं नसतं. पण आता खरं सांगून टाका. या माणसाचं वाटोळं होतंय."

हेडक्लार्कचे ओठ हलले. टायपिस्टबाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं की आता कुणीतरी बोलणार.

"खोटा जबाब दिल्याचं सिद्ध झालं तर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक असेलच," नवे साहेब म्हणाले.

"असं कसं बोलता साहेब!" हेडक्लार्क कळवळून म्हणाले. "दिले नाहीत कसे? आनंदाने दिले होते!"

"मी तर उसने घेऊन दिले," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, खोटं बोलू नका!" काटेसाहेब ओरडले. "तुम्हाला मी आवडत नव्हतो!"

"तुम्ही आम्हाला वडिलांच्या जागी होतात," टायपिस्टबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं. ते भीतीने फुटलं की लाजेने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग सगळेच पुढे सरसावले. एकाने साहेबांचे हात हातात घेतले. एक जण म्हणाला, तुमच्यामुळे आयुष्याला शिस्त लागली. आणखी कुणी म्हणालं, तुमच्याशिवाय कार्यालय उदास वाटतं. जे शब्द ऐकायला साहेबांचे कान जन्मभर आसुसले होते ते सगळे एकदमच येऊन त्यांच्यावर आदळत होते, आणि ते "नाही हो, नाही" म्हणत खुर्चीत मागे मागे सरकत होते. जेवढे ते नाकारत होते तेवढं प्रेम वाढत होतं.

"जाऊ द्या साहेब," दारातून स्टोअरकीपर म्हणाला. "मला तिकडची हवाही बरी पडेल."

हे सगळं पाहून नव्या साहेबांना भरून आलं. एका चोरामुळे एवढ्या माणसांच्या भावना वाया जाव्यात, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की साहेबांना नवं घड्याळ द्यायचं, समारंभ पुन्हा करायचा, आणि या वेळी घोळ नको म्हणून वर्गणी प्रत्येकाच्या पगारातूनच कापून घ्यायची. प्रत्येकाने जबाबात जो आकडा सांगितला होता, तोच. टायपिस्टबाईंचं रडणं एकदम थांबलं.

दुसरा समारंभ पहिल्यापेक्षा मोठा झाला. साहेब येणार नव्हते. पण नव्या साहेबांनी गाडी पाठवली, आणि गाडीतून हेडक्लार्क उतरून हात जोडून उभे राहिले. "तुम्ही आला नाहीत तर आम्ही खोटे ठरू हो," ते म्हणाले. त्यांनी ते भावनेच्या भरात म्हटलं होतं, पण ते अक्षरशः खरं होतं. बायको काही बरोबर गेली नाही. डोकं दुखतंय, म्हणाली.

भाषणं झाली. या वेळी कुणी हसलं नाही. ज्यांचे पैसे कापले गेले होते ते पुढच्या रांगेत बसून साहेबांच्या मनगटाकडे टक लावून पाहत होते. नव्या साहेबांनी घड्याळ बांधलं, आणि बिल आणि गॅरंटी कार्ड उंच धरून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. घड्याळ भारी होतं, जड होतं, आणि कुठेही न थांबता चालत होतं.

सभागृहातल्या खुर्च्या भांडारातल्या होत्या, त्यामुळे त्या मांडायला आणि मोजून परत न्यायला स्टोअरकीपर होता. त्याचा तो शेवटचा दिवस. कार्यक्रम संपल्यावर माईक काढायला तो व्यासपीठावर चढला.

"कधी निघणार?" साहेबांनी हळूच विचारलं.

"उद्या सकाळी साहेब. सामान पुढे गेलंय."

"या घड्याळाचे..." साहेब अडखळले. "तुमच्याही पगारातून?"

"सगळ्यांच्याच कापले," तो म्हणाला. "माझा आकडा जबाबात नव्हता, म्हणून सरासरी धरली." माईकची वायर गुंडाळता गुंडाळता तो जरासा वाकला आणि त्याने घड्याळ निरखून पाहिलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "छान आहे. मला एवढं भारी घेणं झालं नसतं."

साहेबांनी त्याचा हात धरला. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं, शब्द अगदी ओठांवर होते.

"साहेब, फोटो!" खालून नवे साहेब ओरडले. "इकडे बघा! हात जरा वर घ्या, घड्याळ दिसू दे!"

साहेबांनी हात वर केला. आपण फोटोत येऊ नये म्हणून स्टोअरकीपर बाजूला सरकला.